मॉस्को राहिलं

इब्राहिमभाई, आजच्या अंकात जगातल्या शहरांच्या तापमानाचा तक्ता वाकडा लागला आहे. मॉस्कोची ओळ खाली घसरून न्यूयॉर्कवर टेकली आहे. तुमच्या जागी आलेला माणूस केरळचा आहे, मेहनती आहे, पण त्याचा हात अजून बसलेला नाही. सकाळी अंक उघडला आणि मी सवयीने तो घेऊन पेस्टिंगच्या खोलीकडे निघालो. दारापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की दाखवायला कोणी नाही.

तुमच्या कामाबद्दल तुम्हालाच सांगण्यात अर्थ नाही, पण हे इतरही वाचतील. सौदी अरेबियात, दम्माममधल्या आमच्या इंग्रजी दैनिकात मी बातम्या संपादित करायचो आणि तुम्ही पानं लावायचात. छापील मजकुराच्या पट्ट्या, म्हणजे ब्रोमाइड, मागून मेण लावून तुमच्या उजळ काचेच्या टेबलावर येत. तुम्ही त्या पातीने कापून पानावर चिकटवायचात. तापमानाचा तक्ता परदेशी वृत्तसंस्थेकडून तयार येई. त्यात सगळी शहरं असत. आमच्या पानावर सगळी जात नसत. राज्याचे ज्यांच्याशी संबंध नाहीत, त्यांची राजधानी तुम्ही कापून टाकायचात. मॉस्को कापलं जाई. बेजिंग कापलं जाई. तैपेई राही, कारण कम्युनिस्ट नसलेला चीन तोच, आणि त्याचा राजदूत इथे होता. असा लेखी नियम मी कधी पाहिला नाही. तुम्हाला तो आधीच्या माणसाने शिकवला होता आणि त्याला त्याच्या आधीच्याने.

मी नवीन होतो तेव्हा तुम्हाला विचारलं, "मॉस्कोत हिवाळा येतच नाही का?"

तुम्ही पट्टीवरून नजर न उचलता म्हणालात, "येतो. पण तो आपला नाय."

तुमची-माझी ओळख तिथून सुरू झाली. मी पुण्याचा, तुम्ही रत्नागिरीच्या खाडीकाठचे. इतरांशी तुम्ही हिंदीत बोलायचात, माझ्याशी तुमच्या घरच्या मराठीत. मला नावाने हाक न मारता नुसतं "देसाई" म्हणायचात, आणि माझ्या बाजूने "इब्राहिमभाई" सोडून दुसरं काही तोंडात आलं नाही.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचो की राज्यांचं वैर हे गरजेचं असतं, तत्त्वाचं नसतं. तुम्ही म्हणायचात, हे राज्य वेगळं आहे. जे देव मानत नाहीत त्यांच्याशी इथले लोक बोलत नाहीत, मग नुकसान झालं तरी चालेल. मी दाखले काढायचो. या राजाच्या वडिलांना सगळ्यांत आधी मान्यता देणारा देश रशियाच होता, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही "खोटं" म्हणालात. मी संदर्भाचं पुस्तक आणून दाखवलं. तुम्ही वाचलंत, बंद केलंत आणि म्हणालात, "मग कळलं असंल त्यांना, नि तोडलं असंल." बेजिंगशी संबंध नसताना त्यांच्याकडून क्षेपणास्त्रं घेतल्याची बातमी परदेशी रेडिओवर आली. आपल्या पेपरात ती आली नाही. मी म्हटलं, आता देवाचा प्रश्न आड आला नाही का? त्यावर तुमचं उत्तर तयार होतं. "रात्री चोर आला तर शेजाऱ्याकडची काठी माणूस मागून आणतो. म्हणून त्याच्याशी सोयरीक करत नाय."

हे उत्तर मी आजही खोडू शकलेलो नाही.

तुमच्या वादाला एक घर होतं, हे मला पुढे कळलं. त्या घराचं नाव युसूफ.

युसूफ तुमचा धाकटा भाऊ. मुंबईच्या गोदीत कामगार, युनियनचा माणूस, लाल झेंड्याच्या पक्षाचा सभासद. रशियन फौजा अफगाणिस्तानात शिरल्या तेव्हा तुम्ही इथे आलेले होतात. दर जुम्म्याला मशिदीत अफगाण निर्वासितांसाठी आवाहन व्हायचं. तुम्ही इथल्या कामगारांच्या कॅम्पातल्या कोकणी मंडळींकडून मदत गोळा केलीत आणि रजेवर गावी गेलात तेव्हा तिथल्या मशिदीतही तेच आवाहन केलंत. लोक ऐकत होते. युसूफ पायरीवर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "भाय, ह्याची बंदूक होणार. तंबू होणार नाय." सगळ्या जमातीसमोर म्हणाला. तुम्ही त्याला सांगितलंत की रशिया सोड, नाहीतर भाऊ सोड. तो म्हणाला, "मी रशिया धरलाय कधी? मी गोदी धरलीय." तिथे बोलणं संपलं ते संपलंच.

तुम्ही हे मला एकदाच सांगितलंत, आणि बातमी सांगावी तसं. शेवटी एवढंच म्हणालात, "सौदीनं रशियाशी ठेवलं नाय. मी पण ठेवलं नाय."

इथल्या लोकांना आपण हिंदुस्थानी म्हणजे रशियाचे दोस्त वाटायचो, त्याचाही तुम्हाला त्रास होता. आपल्या सरकारने रशियाला दोष दिला नव्हता. फाटकावरचा पहारेकरी इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, तपासताना हसत म्हणायचा, "हिंदी? रूसी!" मी दुर्लक्ष करायचो. तुम्ही प्रत्येक वेळी थांबून, मोडक्या अरबीत, तुम्ही तसे नाही हे समजावून सांगायचात. तुमच्यामागे रांग थांबून राहायची.

संबंध तुटले म्हणजे काय तुटतं आणि काय तुटत नाही, हे मी परराष्ट्र व्यवहाराच्या बातम्यांपेक्षा तुमच्या कॅसेटींवरून शिकलो. तुम्ही पत्रं लिहायचा नाहीत. रजेवर निघालेल्या माणसाबरोबर कॅसेट पाठवायचात. एका बाजूला तुमचं बोलणं, दुसरी बाजू कोरी. घरचे त्या कोऱ्या बाजूवर उत्तर भरत आणि इकडे येणाऱ्याबरोबर तीच कॅसेट परत येई. आधी भाभींशी बोलायचात, मग मुलीशी, आणि मग मोहल्ल्याला सलाम. हे सलाम घरांच्या क्रमाने असत, मशिदीपासून खाडीपर्यंत, एक घर चुकता कामा नये. एखाद्याचं राहिलं तर वर्षभर रुसवा. खतीबांच्या घरी सलाम, मुकादमांच्या घरी सलाम, टाकीवरच्या घरी सलाम. मग युसूफचं घर यायचं, तुमच्या घराला लागून. तिथे तुमची जीभ थांबायची नाही. टाकीवरून थेट खाडीजवळच्या सारंगांकडे जायची. नवख्याला कळलंही नसतं की मध्ये एक घर आहे.

आणि तरी दोन्ही घरांच्या बायका मधल्या दगडी गडग्यावरून एकमेकींना माशांचं कालवण देत होत्या, ते तुम्हाला माहीत होतं. मी एकदा म्हटलं, "वकिलात नसली तरी रशियातून मोजके हाजी दर वर्षी मक्केला येतातच की." तुम्ही म्हणालात, "हाज वेगळी. कालवण वेगळं. तुमी मधी पडू नका."

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात आदेश आला की उद्यापासून बेजिंग घ्यायचं आणि तैपेई काढायचं. तुम्ही तैपेईची पट्टी कापलीत आणि ती काही वेळ बोटावर धरून बसलात. म्हणालात, "ह्यानं काय केलं होतं?" पुढच्याच महिन्यात इराकने कुवेत घेतलं. दम्मामचे रस्ते कुवेती गाड्यांनी भरले. अमेरिकन फौजा उतरल्या. इराकला कोंडायचं तर सुरक्षा परिषदेत रशिया आड येऊन चालणार नव्हतं. सप्टेंबरात बातमी आली की राज्याने मॉस्कोशी राजनैतिक संबंध पुन्हा सुरू केले आहेत. अर्ध्या शतकानंतर.

बातमी माझ्या टेबलावर आली. मी ती कापली-जोडली, मथळा दिला आणि तुमच्याकडे स्वतः घेऊन आलो. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे खरं आहे. तुम्ही बातमी लावलीत, मोजपट्टी ठेवून सरळ केलीत आणि म्हणालात, "बारीक अक्षरात चालली असती."

दुसऱ्या दिवशीच्या अंकात मॉस्को तक्त्यात नव्हतं.

पहिल्या पानावर मैत्रीची बातमी होऊन गेली आणि आतल्या पानावर शहर गायब. संपादकांनी तुम्हाला आत बोलावलं. ते सौदी, अमेरिकेत शिकलेले, शांत बोलणारे. पण दिवस बरे नव्हते. माणसं लहानशा कारणाने घरी पाठवली जात होती आणि तुमचा इकामा पेपरच्या नावावर होता. भाषांतराला मीही उभा राहिलो.

"हे मुद्दाम केलंत?" त्यांनी विचारलं.

"नाय साहेब. हात चालला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. संपादकांनी तुमच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "उद्या घ्या. आणि बाहेर कोणाला सांगू नका की हात चालला. सांगा, जागा नव्हती."

बाहेर आल्यावर तुम्ही हसलात. "तुमच्या धंद्यात हे बरं हाय, देसाई. जागा नव्हती!" पण तुमचा चेहरा उतरलेला होता. कॅन्टीनमध्ये चहा घेताना तुम्ही स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "मी वाचली होती बातमी. मीच लावली. मग हातानं का कापलं?"

धोरण बदललं की मथळा बदलतो, एवढंच माझं शिक्षण होतं. पातीचं काय होतं, ते कोणी शिकवलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सलीम गावी निघाला. तुमचा भाचा, रास तनुराच्या रिफायनरीत वेल्डर. लढाई होणार म्हणून त्याच्या आईने जीव काढला होता. संध्याकाळी मगरिबनंतर तुम्ही खोलीत कॅसेट भरायला बसलात. मी खाटेवर वर्तमानपत्र चाळत होतो. भाभींशी बोलून झालं. लढाईचं काही मनावर घेऊ नका, इथे सगळं शांत आहे, असं तुम्ही सांगितलंत, आणि वरून लढाऊ विमान गेलं, तेव्हा म्हणालात, "हा एसीचा आवाज हाय." मग सलाम सुरू झाले. खतीब. मुकादम, आणि म्हातारीला सांगा गुडघ्याचं तेल पाठवलंय. टाकीवरचं घर.

आणि तुम्ही थांबलात.

इतक्या वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं. टेप फिरत होती. तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत. मला राहवलं नाही.

"इब्राहिमभाई, मॉस्को राहिलं."

"गप बसा, देसाई. टेप चालू हाय."

"मग बंद करा."

"बंद केली तर खट्ट वाजतं. बायकोला कळतं की मधी कायतरी खाल्लंय."

"नुसतं नाव घ्या. राजाने घेतलं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. आवाज चढला नव्हता. "राजाला रशियाचं मत पायजे होतं. म्हणून बोलला. मना युसूफचं काय पायजे?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"मग शहाणपण कशाला?" आणि टेपकडे तोंड करून, जरा घसा साफ करून, तुम्ही म्हणालात, "सारंगांच्या घरी सलाम."

तो तुकडा तुम्ही पुसणार हे मी धरून चाललो होतो. कॅसेट देण्याआधी ती पूर्ण ऐकायची तुमची रीत होती. एकदा शेजारच्या खाटेवरच्याची शिवी भरली गेली होती, तर तुम्ही अख्खी बाजू नव्याने भरली होतीत. त्या दिवशी मी ऐकायला थांबलो नाही. मला ड्यूटी होती. दुसऱ्या दिवशी कॅसेट सलीमबरोबर गेली. तो विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही नाही.

मग लढाई झाली. तिचं मी रोज लिहीत होतो, इथे लिहीत नाही. भोंगा वाजला की आपण दोघं पेस्टिंगच्या खोलीत बसायचो, कारण तिला खिडकी नव्हती. विषारी वायूसाठीचा मुखवटा लावलेला माणूस ओळखू येत नाही, पण तुम्ही यायचात कारण तुमच्या बोटांना मेण असायचं. एकदा भोंगा बंद झाल्यावर तुम्ही मुखवटा काढून विचारलंत, "रशियानं इराकला दिलेलीच ना ही क्षेपणास्त्रं?" मी म्हटलं, हो, मूळची तिथलीच. तुम्ही मान हलवलीत. "बघा. संबंध ठेवून पण तेच येतंय." मी म्हटलं, हा तुमच्या बाजूचा मुद्दा झाला. तुम्ही म्हणालात, "मी बाजू कुठं घेतोय आता?"

ते "आता" मला तेव्हा ऐकू आलं नाही. ऐकायला हवं होतं. बातमीत असा शब्द मी सोडला नसता.

लढाई थांबली. कुवेतच्या जळत्या तेलविहिरींच्या धुराने दुपारी दिवे लावावे लागत होते. छातीत दुखतंय हे तुम्ही दोन दिवस धुरावर ढकललंत. हॉस्पिटलमध्ये मी आलो तेव्हा तुम्ही झोपला होतात. परत आलो तेव्हा खाट रिकामी होती. त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर दफन झालं. मुसलमान नसल्याने मला कबरस्तानात आत जाता येत नव्हतं, म्हणून फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे उभा राहिलो. पेस्टिंगची सगळी खोली आली होती. संपादकही आले होते, आणि आत माती देऊन आले. बाहेर पडताना त्यांनी माझा हात हातात घेतला. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. एक साधा दगड असतो.

परवा दुपारी डेस्कवर फोन आला. आवाज खरखरत होता.

"देसाई तुम्हीच काय? मी युसूफ. रत्नागिरीच्या बूथवरून बोलतोय."

मी दफनाचं सांगितलं. कोण होतं, नमाज कोणी पढवली, कबर कुठल्या बाजूला आहे. त्याने सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला की गावात तुमच्यासाठी गायबाना नमाज झाली. मय्यत समोर नसताना पढायची नमाज, तुमच्या कोकणी लोकांत ती चालते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. "मीही उभा राहिलो," तो म्हणाला. "गावाने बघितलं माझ्याकडे. बघू दे. रांगेत जागा होती."

मग त्याने विचारलं,

"ते 'मॉस्को राहिलं' म्हणणारे तुम्हीच ना?"

इब्राहिमभाई, तेव्हा मला कळलं की तुम्ही तो तुकडा पुसला नव्हता. ऐकून, ठेवून, सलीमच्या हातात दिला होतात. मोहल्ल्यातल्या बायका भाभींच्या पडवीत बसून सलाम ऐकत होत्या आणि टाकीवरच्या घरानंतर आपलं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं. विमानही ऐकलं. युसूफच्या बायकोने गडग्यावरून कॅसेट मागून घेतली आणि मुंबईला पाठवली.

"सलाम नाय केला त्याने मला," युसूफ म्हणाला. "पण दारात थांबला. इतकी वर्षं दारावरून जात होता."

"तुम्ही उत्तर दिलं का?"

"भरलंय ना. तेव्हाच भरलंय. तिकडे येणारा माणूस मिळेना. लढाईत कोण येणार?"

"काय भरलंय?"

"काय भरणार? भांडलोय." तो पुढे म्हणाला, "त्याने विचारलंय ना, युसूफचं काय पायजे. त्याचं उत्तर दिलंय. अफगाणिस्तानापासून सुरू केलंय. नवी कॅसेट घेतली, एक बाजू पूर्ण भरली. दुसरी कोरी ठेवलीय, त्याच्यासाठी."

मागे बूथवाल्याचा आवाज आला. मीटर पळत होता. युसूफने विचारलं, "सलीम परत ड्यूटीवर येतोय. त्याच्याबरोबर पाठवू काय? आता पाठवायला नको ना?"

मी म्हटलं, पाठवा.

तुम्हाला त्या वादात काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक नाही. राज्यं गरजेपोटी बोलतात हे माझं म्हणणं खरं ठरलं आणि त्याने काहीच सुटलं नाही. गरज नसताना बोलायला काय लागतं, ते तुम्ही शोधत होतात. तुम्ही मला जेवढं शिकवलंत त्याचे आभार मी तुमच्यासमोर कधी मानले नाहीत. तुम्ही ते "बारीक अक्षरात" घ्यायला सांगितलं असतंत.

सलीम आला की कॅसेट माझ्याकडे येईल. युसूफची बाजू मी पूर्ण ऐकेन. मग दुसऱ्या बाजूवर तुम्ही त्या शेवटच्या महिन्यांत काय काय बोललात ते सांगेन, ते "आता" धरून. मोहल्ल्याचा क्रम मला येत नाही, तो सलीमकडून लिहून घेईन. मशिदीपासून सुरू करीन, टाकीवरच्या घरी थांबेन आणि पुढच्या घराचं नाव तुमच्या वतीने घेईन.

मध्ये टेप बंद करणार नाही.